सोमनाथची फिरकी

मखमलाबाद, नाशिक
बुधवार, दुपार, १९९८

प्रिय सोमनाथ,

पंचवटीतला एसटीडीवाला ज्ञानेश हा कागद तुझ्या हॉटेलात फॅक्स करणार आहे. हातात पडताच वाच. मी सहावी शिकलेला, चुकलं तर सांभाळून घे.

उद्या शेवटची कसोटी. दोन्ही संघांनी एकेक जिंकलेली. पेपरात आहे, दोन वेगवान आणि दोन फिरकीवाले पक्के. पाचवा गोलंदाज तू की आणखी एक वेगवान, एवढंच ठरायचंय. गुलाब तोडायचे तसेच राहिलेत. तुझी आई म्हणते, "टॉसला तुम्ही जाणार आहात का? भाकर खा आधी."

सकाळी शेजारच्या फकिराकडे माझ्यासाठी फोन आला. कुणी मराठी माणूस होता. "काका, उद्या सोमनाथची फिरकी घ्यायची का? बोट कसंय त्याचं?" गल्लीतली पोरं आठवडाभर असेच फोन करून मला छळतात. मी ओरडलो, "त्याची कशाला, माझीच घे! आणि बोट नाही ते, पहार आहे पहार!" फोन आपटला. तासाभरानं पुन्हा वाजला, तो फकिरानं घेतला. तुमचे मॅनेजर होते. म्हणाले, "नेटमध्ये तो कमी टाकतोय, विचारलं की ठीक आहे म्हणतो, म्हणून घरी विचारलं. काकांच्या बोलण्यानं कॅप्टन निश्चिंत झाला. सोमनाथ खेळतोय." फकिरा पेढे आणायला धावला. मी ओट्यावरच बसलो.

परवा तू घरी आलास तेव्हा भाकर मोडताना पहिलं बोट वर धरत होतास. टॉवेलला रक्त होतं. तुझ्या आईनं विचारलं, तर मीच म्हणालो, गुलाबाचा काटा लागला असेल. त्या चिरलेल्या बोटानं तू दहा षटकं टाकशील. पुढचे पाच दिवस चौघांनीच मरायचं का? कॅप्टनला आत्ताच बोट दाखव. पुन्हा बोलावणं येईल की नाही, मला ठाऊक नाही. तरी दाखव.

फिरकी या शब्दानं घोळ केला, असं मी फकिराला सांगितलं, तुझ्या आईलाही. तुला तेच लिहायला बसलो होतो, पण लिहवेना. बोटाचं विचारलं तेव्हाच मी ओळखलं होतं, सोमनाथ. गल्लीतल्या पोरांना तुझ्या बोटाचं कुठून कळणार?

तुझाच,
आबा