पंच्याऐंशी हजारांच्या वर

मुलुंड (पूर्व)
रविवार, ९ मार्च २०२५

चि. सहदेव यास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही मजेत आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. ह्यांचा गुडघा दुखतो, दिशाची नोकरी पवईला चालू आहे, उकाडा फेब्रुवारीतच सुरू झालाय. मालनची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, भरलेली कळशी कमरेवर घेऊ नको, दोन फेऱ्या जास्त मार. फोनच केला असता, पण तू माझा उचलत नाहीस, आणि उचललास तरी तिसऱ्या वाक्याला आपलं भांडण ठरलेलं. कागदावर निदान मला मध्येच कोणी तोडत नाही.

भावकीतल्या किरणने तुझे कागद आणून दिले. खालचा मळा अनंतशेठला विकायचा, सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, म्हणून माझं संमतीपत्र पाहिजे. दोन आठवडे झाले, कागद कपाटात साड्यांखाली आहेत. किरण काल पुन्हा येऊन गेला. चपला काढायच्या आधीच, "आत्या, सही झाली का?" मी म्हटलं, चहा टाकते. चहा प्यायला, खारी खाल्ली, आणि जाताना दारातून म्हणाला, "सहदेवकाका म्हणतात, ताईने मुद्दाम केलं."

मुद्दाम! अरे, तोंड आहे म्हणून काय वाटेल ते बोलशील? मी तुझी सख्खी बहीण आहे की कोण आहे? रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. मनात तुझ्याशी भांडले, तुला चांगलं झापलं, मग सकाळी उठून हे लिहायला बसले. तू लिलावाच्या दिवशी गावात फोन कानाला लावून बसला होतास. मी हॉलमध्ये होते. काय झालं ते मी सांगते.

आपल्या मुंबईच्या मंडळाला गावच्या देवळाची कमान बांधायची आहे. पंचवीस वर्षांपूर्वी ह्याच मंडळाने घाटकोपरला दारोदार वर्गणी काढून गावाला पॉवर टिलर घेऊन दिला होता. आता कमिटीला कमानीवर मंडळाचं नाव पाहिजे, तेही संगमरवरात. कमिटीत ठरलं, टिलर जुना झालाय, विकून टाका. अख्ख्या वाडीचे भाताचे कुणगे त्यावर नांगरले जातात आणि तो चालवणाऱ्या माणसाचं, म्हणजे तुझं, घर त्यावर चालतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. मी बोलले होते मीटिंगमध्ये. राजेश सेक्रेटरी म्हणाला, "मावशी, भंगारवाला पंधरा हजार देईल. आपण पूजेच्या दिवशी लिलावात काढू, पंचवीसपासून सुरू करू, कोणीतरी आपलाच घेईल." आपलाच म्हणजे तूच, असं सगळ्यांच्या मनात होतं. तू पंचवीस-तीसला घेशील आणि विषय संपेल.

पण पूजेला कुडाळचा एक डीलर आला. देवगडच्या एका बागायतदाराचा माणूस आला. कोणी तरी फोटो व्हॉट्सॅपवर टाकला होता, तो फिरत फिरत कुठे कुठे गेला. घाटकोपरला भटवाडीच्या त्या हॉलमध्ये पूजा चालू आणि मागे ही अनोळखी माणसं खुर्च्या अडवून बसलेली. आरती झाली, तीर्थप्रसाद झाला, नारळाचा लिलाव झाला, आणि मग टिलर. बघता बघता पन्नास, साठ, सत्तर. नंतर जेवणाच्या पंगतीत एकच विषय. नवीन मोठे टिलर आपल्या कुणग्यात वळत नाहीत. नवीन हलके आहेत ते चिखलात उड्या मारतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात बसतात. जुना दोन माणसांनी उचलून बांधापलीकडे ठेवता येतो, बिघडला तर गावातला कोणीही उघडून नीट करतो, आणि असे आता बनत नाहीत. म्हणून जुन्याला हा भाव. सगळे असंच बोलत होते आणि मी मान हलवत होते. म्हटलं, बाजारच असा आहे, त्याला आपण काय करणार?

पण सहदेव, तो डीलर पंच्याऐंशी हजारांना उठला. "ह्याच्यावर मला परवडणार नाही," म्हणाला, आणि केळीच्या पानावरचा शिरा खाऊन निघून गेला. देवगडवाला तर आधीच गप्प झाला होता. त्यांना भाव कळतो. पंच्याऐंशीच्या वर जे झालं ते बाजाराने केलं नाही. तिथून पुढे हॉलमध्ये बोली लावणारी दोनच माणसं उरली होती. खांबाला टेकून, कानाला फोन लावलेला किरण, आणि मी.

आता ऐक, मी का बोली लावत होते. तुझ्यासाठी. हस, पाहिजे तर. चार गणपती झाले आपण बोललो नाही. "मुंबईवाल्यांना गाव पाच दिवसांचं," असं तू सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणालास आणि मी विसर्जनाला न थांबता बॅग उचलली. तेव्हापासून मनात होतं, असं काहीतरी करावं की तुझं तोंड बंद होईल. टिलर घ्यायचा, एक दिवस न सांगता गावाला यायचं, हँडलला हार घालायचा, आणि तुझ्या खळ्यात पावती तुझ्या हातात ठेवायची. तू काय बोलला असतास? तुझी मालन रडली असती. मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं, ह्यांनासुद्धा नाही.

आणि किरण तुझ्यासाठी बोली लावतोय हे मला कसं कळणार? तो गोरेगावच्या एका शेठची गाडी चालवतो. शेठचं कर्जतला फार्महाऊस आहे, तिथे गेटवर बैलगाडीचं चाक, रहाट, जुनी जाती मांडून ठेवलीत, दिशाने फोटो दाखवले होते. मला वाटलं, शेठच फोनवर आहे. आपला टिलर तिथे लाल रंग देऊन उभा करणार आणि त्यावर कुंड्या ठेवणार. माझं डोकंच फिरलं. तो नव्वद म्हणाला, मी पंच्याण्णव म्हटलं. तो अठ्ठ्याण्णव, मी लाख. लाख म्हटल्यावर बायकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, ती टाळी मला चढली.

तुला आपल्या पूजेचा लिलाव माहीत आहे. नारळाची बोली म्हणजे देवाला द्यायचं, जरा मिरवायचं. गेल्या वर्षी नारळ अकरा हजारांना गेला. पैसे वर्षभरात जमतील तसे द्यायचे, कोणी मागे लागत नाही. माझ्या तोंडाला त्याच बोलीची सवय. एक लाख पाच, एक दहा, एक वीस. माईकवरून राजेश ओरडतोय, "बोला, रत्नप्रभाताईंचे एक तीस! बोला!" आणि सगळा हॉल माझ्याकडे बघतोय. एवढी मान ताठ करून मी कित्येक वर्षांत बसले नव्हते.

मग त्या गोंगाटात किरणला काही ऐकू येईना, त्याने फोन स्पीकरवर टाकला. आणि तुझा आवाज आला. "वाढय रे, गप काय रवलंस?"

किरणने एक पस्तीस केले. मी तुझा आवाज ओळखला आणि गप्प बसले. पुढे तू एकदम पावणेदोन लाखांवर गेलास. राजेशने तीन वेळा विचारलं आणि तुझं नाव घेतलं. सगळे म्हणाले, वा, शेवटी मशीन गावातच राहिलं. मी पण टाळी वाजवली.

किरणने नंतर सांगितलं, तुझ्याकडे नव्वद हजार तयार होते. दोन्ही म्हशी विकलेल्या, आणि बाकी साठवलेले. म्हणजे मी त्या दिवशी घरी झोपून राहिले असते, तरी पंच्याऐंशीच्या वर एक हजार टाकून टिलर तुझा झाला असता आणि वर चार पैसे उरले असते. हे कळल्यापासून मला घास गिळवत नाही रे.

तू म्हणशील, मग तुझ्याकडचे लाख-सव्वा लाख काढ ना बाहेर, एवढी बोली लावत होतीस तर. मळा कशाला विकायला लावतेस? बरोबर आहे तुझं. पण पैसे नाहीत. नव्हतेच. पोस्टात तीस हजार आहेत, तेवढेच. मंडळात सगळ्यांना वाटतं की आमची बिल्डिंग टॉवर होतेय, आता ह्यांचं काय, झकास चाललंय. बिल्डरने गेल्या जुलैपासून भाडं दिलेलं नाही. खड्डा खणून ठेवलाय, त्यात पाणी साचतं. मुलुंडच्या ह्या खोलीचं भाडं लेकीच्या पगारातून जातं, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पूजेला गेले ती ठेवणीतली पैठणी नेसून गेले. तिथे लाख म्हणताना मला वाटलं, बघा, रत्नप्रभा अजून आहे. नुसती हवा होती ती. माझ्या हवेपुढे तू तुझे खरे पैसे लावत गेलास.

मी राजेशकडे गेले होते. हात जोडले. म्हटलं, ही बहीणभावाची चूक आहे, पंच्याऐंशीला द्या त्याला. म्हणाला, "मावशी, देवाच्या नावाची बोली मागे घेता येत नाही, उद्या कोणीही उठेल. कमानीची ऑर्डर पण गेली. पाडव्यापर्यंत सहदेवने पैसे भरले नाहीत तर नियमाने दुसऱ्या बोलीला जाणार. म्हणजे तुमच्याच बोलीला. तुम्ही भरा एक चाळीस, आणि द्या भावाला." मी बरं म्हटलं आणि पदर सावरत जिना उतरले. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

वाचलंस का नीट? एक चाळीस.

वर मी लिहिलंय की तुझा आवाज ऐकल्यावर गप्प बसले. ते खोटं आहे. खोडणार नाही, राहू दे तसंच. तुझा आवाज मी पहिल्याच शब्दाला ओळखला. लहानपणापासून ऐकतेय, नाही ओळखणार? किरणने एक पस्तीस म्हटलं तेव्हा मला पक्कं कळलं होतं की तू आहेस, आणि टिलर तुलाच पाहिजे. तिथेच हात खाली करायचा होता. पण आधी काय मनात आलं माहीत आहे? ह्याने किरणला सांगितलं. गाडी चालवणाऱ्या पोराला सांगितलं, मुंबईत सख्खी बहीण बसलीय तिला एक फोन केला नाही. एवढी मी मेले का ह्याला? आणि मी मोठ्याने म्हटलं, एक चाळीस.

किरणने तुला तेव्हाच सांगितलं ना, समोर ताई आहे म्हणून? त्याने मला सांगितलंय. आणि त्यानंतर तू पाच-पाचाने चढला नाहीस, एकदम पावणेदोनावर उडी मारलीस. मला दाखवायला. तू पण आईचाच. पण तू मला उत्तर दिलंस, सुरुवात माझी.

तेव्हा मुद्दाम केलं का? एकदा केलं. बाकी सगळ्या बोली अडाणीपणाच्या होत्या. ती एक जाणूनबुजून होती आणि मळा त्या एका बोलीवर जातोय.

खूप विचार केला. विकू नको म्हणायला माझ्याकडे तोंड नाही. टिलर सोड म्हटलं, तर तू चालवणार काय आणि खाणार काय? मळा विकलास, तर एवढ्या महागाचं मशीन घेऊन नांगरणार काय, ते वरचे चार कुणगे? भाडं वाढवलंस तर वाडीतले लोक पडीक टाकतील, नाही वाढवलंस तर तुझे पैसे ह्या जन्मात सुटत नाहीत. अनंतशेठ मळ्याला कंपाऊंड घालणार हे तर ठरलेलंच. आई त्या बांधावर बसून आपल्याला पेज द्यायची. कुठूनही विचार केला तरी तिथेच येऊन थांबते. मार्ग नाही, सहदेव.

रविवारी नोटरी त्याच्या घरीच कागद बघतो असं कळलं, पत्र मध्येच ठेवून तिथे जाऊन सही करून आले. कागद ह्याच पाकिटात आहेत. किरण संध्याकाळी येईल, त्याच्याकडे देते. तू पाडव्याच्या आत पैसे भरशील. मग दुसऱ्या बोलीचा प्रश्न येणार नाही. मंडळात कोणाला काही कळणार नाही, ह्यांना कळणार नाही, मी पुढच्या पूजेला पुन्हा पुढच्या रांगेत बसेन. सही करताना हेही माझ्या मनात होतं. तुझा मळा जातोय आणि माझी सुटका होतेय, आणि मला, देवाशप्पथ, जरा हलकं वाटलं. हे तुला सांगितल्याशिवाय पाकीट बंद करवेना.

मालनला काही सांगू नकोस. तिला वाटू दे, भाव चढला.

खाली ताई म्हणून लिहिणार होते. हात होत नाही.

रत्नप्रभा