एक घर, एक गिऱ्हाईक

॥ आई एकवीरा प्रसन्न ॥

माझगाव

चिरंजीव रघूस, सखुआत्याचे पोटभर आशीर्वाद. तू, सूनबाई आणि तुझी आई (तिच्या गुडघ्याचं तू कधी कळवत नाहीस, म्हणून तो दुखतोय असंच मी धरून चालते) सुखरूप असालच. आम्ही इथे हातीपायी धड आहोत. फोन केला की तू 'आत्या, मीटिंगमध्ये आहे' म्हणून ठेवतोस, म्हणून कागदावर लिहिते. संपाच्या वर्षी गिरणीच्या गेटावर चिकटवलेली पत्रकं वाचून मी अक्षरं शिकले, त्यामुळे माझं लिहिणं जरा भांडखोर वाटतं असं लोक म्हणतात. या खेपेला ते तसंच आहे.

तर तुझं सॉफ्टवेअर. दोन वर्षांपूर्वी तू ते दुकानात बसवलंस, 'हे तुझी गिऱ्हाईकं सांभाळील' म्हणालास आणि भरलेलं पापलेट खाऊन पुण्याला गेलास. चाळीस वर्षं गिऱ्हाईकं मीच सांभाळत होते, पण भाच्याचं मन कशाला मोडा म्हणून गप्प बसले. कांताने (माझ्या सुनेला बटणं दाबायची भारी हौस) वहीतली सगळी नावं त्यात चढवली. तोवर ते निमूट होतं. मग आषाढात त्याला म्हणे नवी फीचर्स आली. कोणी मागितली होती ती? घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं.

श्रावण लागला आणि लोकांनी मासे बंद केले, जसे ते त्यांच्या आजोबा-पणजोबांपासून करत आलेत. तुझ्या यंत्राने मात्र धसका घेतला. तीनशे गिऱ्हाईकं आपल्याला सोडून गेली असं समजून त्याने सगळ्यांना पहिल्या सोमवारी, भर उपासाच्या दिवशी, 'आम्हाला तुमची आठवण येते, परत या' असा निरोप धाडला, वर सुरमईच्या तुकडीचा फोटो. एवढा शहाणा कॉम्प्युटर आणि त्याला श्रावण माहीत नाही. आमच्या गल्लीतल्या मांजरालासुद्धा माहीत असतो, ते त्या महिन्यात दुसरीकडे राहायला जातं.

दुसरं फीचर तोंडं काढायचं. गिऱ्हाईक काय बोलतं ते वाचून त्याच्या नावापुढे लाल नाहीतर हिरवं तोंड काढतं. 'काल बोंबील दिलेस की सुतळी? आज नीट दे' असं लिहिणारी शिवडीची पुतळाबाई लाल. पंचवीस वर्षं ती मला असंच बोलते, तो तिचा नमस्कार आहे. आणि 'ठीक होते' असं लिहिणारा माणूस हिरवा! अरे, मासे खाऊन जो नुसतं 'ठीक होते' म्हणतो, तो पुन्हा तुझं तोंड बघणार नसतो. हे कळायला डोक्यावर पाटी घेऊन जिने चढावे लागतात.

इथवर मी हसले. तिसऱ्या फीचरने मात्र माझं घर बुडवलं. गिरगावच्या आनंदीवैनी तुला आठवतील. गिरणी बंद पडून तुझे आतोबा घरी बसले, तेव्हा मी पहिल्यांदा पाटी घेऊन त्या चाळीत चढले. लाजेने आवाज फुटेना. पहिलं दार वैनींनी उघडलं, घोटभर चहा पाजला आणि मग माझ्याआधी त्या स्वतःच गॅलरीत उभ्या राहून 'म्हावरं आलं गं' अशा ओरडल्या. त्या ओरडण्यावर आपलं दुकान उभं आहे.

सहा वर्षांपूर्वी वैनी आणि त्यांचे यजमान रमाकांतभाऊ यांनी जोडीने नवस केला, की लेकीचं लग्न जमेपर्यंत मासे वर्ज्य. लेक आता चौतीस वर्षांची आहे आणि म्हणते, मला लग्नच करायचं नाही. माणसाने किती दिवस काढायचे? चौथ्याच महिन्यात भाऊंनी मला जिन्यात गाठलं. तेव्हापासून दर बुधवारी त्यांचे बांगडे दादरला, त्यांच्या मित्राकडे, गंगाधरभाऊंकडे जातात. पाचव्या महिन्यात वैनींनी गाठलं. त्यांची कोळंबी दर शुक्रवारी परळला, बहिणीकडे, नलूताईंकडे. (श्रावण दोघांनीही अगदी कडक पाळला, हे लिहायलाच हवं.) मी याचं तिला बोलले नाही, तिचं याला बोलले नाही.

तुझ्या यंत्राने बघितलं, की आडनाव एक, घरचा जुना फोन एक. 'एक घर, एक गिऱ्हाईक' असं म्हणून त्याने दोन्ही खाती जोडली आणि दोघांच्या मोबाइलवर एकाच मिनिटाला निरोप टाकला: प्रिय रमाकांत आणि आनंदी, तुमच्या कुटुंबाने दोन वर्षांत एकशे नव्वद वेळा आमची ताजी मासळी आवडीने खाल्ली. या शुक्रवारी बांगडे आणि कोळंबी एकत्र, थेट तुमच्या घरी!

दोघं तेव्हा ताटाला ताट लावून दुधी भोपळा जेवत होते.

दुसऱ्या दिवशी मी धापा टाकत तीन जिने चढले. वैनी दारातच उभ्या.

"सखू, तू माझ्या घरची माणूस. माझा नवरा सहा वर्षं मासे खातोय आणि तू मला सांगितलं नाहीस?"

मागून भाऊ म्हणाले, "आणि मला हिचं?"

"वैनी, मी कोणाचंच कोणाला सांगितलं नाही. मग माझं चुकलं कुठे?"

"तेच चुकलं," दोघं एका सुरात म्हणाले, आणि दार लागलं. नवरा-बायकोचं भांडण अर्ध्या दिवसात मिटलं, कारण दोघांना मिळून रागवायला मी सापडले. आज तीन आठवडे झाले, दोघं माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या पाठोपाठ पाटी घेऊन चढणाऱ्या शेवंतीने परवा मला मुद्दाम सांगितलं, की वैनी तिच्याशी बोलल्या. दुकान चालू आहे रे, पण मला ते बंद असल्यासारखं वाटतं.

तेव्हा शनिवारी ये, ते सॉफ्टवेअर उपट आणि पिशवीत घालून पुण्याला घेऊन जा. तुझ्या आईला नमस्कार, सूनबाईला आशीर्वाद.

तुझी,
सखुआत्या

ता. क. पत्र पाकिटात घालतच होते, तर नलूताईंचा फोन आला. त्यांच्याकडे कोणी कमळाबाई म्हणून राहायला येणार आहेत, फक्त शुक्रवारी, त्यांना कोळंबी लागेल. 'साफ करून, आणि सखूच्याच हातची,' असं मागून कोणीतरी सांगत होतं. तो आवाज मी चाळीस वर्षं ओळखते. तासाभराने गंगाधरभाऊंचा फोन. त्यांच्याकडे धोंडू नावाचे पाहुणे, दर बुधवारी. तर शनिवारी येऊ नकोस. सॉफ्टवेअर राहू दे, मी आता त्याचे कान पकडायला शिकतेय.

ता. क. दुसरा. नवीन नाव घालताना ते मोबाइल नंबर मागतं, त्याशिवाय पुढे सरकत नाही. म्हणून धोंडूच्या नावापुढे तुझ्या आईचा घातला आणि कमळाबाईच्या नावापुढे तुझा. 'प्रिय कमळाबाई, तुमची आठवण येते' असे निरोप तुला येतील. सूनबाई विचारील, ही कमळाबाई कोण? खरं सांगायचं नाही, मी नलूताईंकरवी वैनींना शब्द दिलाय. दुसरं काय वाटेल ते सांग. गिऱ्हाईक कसं सांभाळतात, ते मग तुझं तुलाच कळेल.