गुलालाचं पोतं

लाडक्या अण्णा,

गेलेल्या माणसाला कुणी पत्र लिहितं का? पण आज तुझ्याशी भांडल्याबिगर माझ्या घशाखाली घास उतरायचा न्हाई. फाट्यावर तुझा फोटो लागलाय. केवढा मोठा! साहेबांच्या शेजारी, हात जोडलेला. ग्रामपंचायतीची निवडणूक परत आलीय आणि तुझा लेक सागर उभा राहिलाय. काल वराळ्याला माझ्या घरी आला, माझ्याच हातचा चहा पीत म्हणतो कसा, "आत्या, औंदा काकाच्या दारात गुलाल ओतल्याबिगर अण्णांच्या जिवाला शांती न्हाई."

म्हणजे परत रक्त. हे पायजे का रे तुला?

मागच्या निकालाचा दिवस आठव. तुझं पॅनल आलं, बापूचं पडलं. तवा दोन्ही घरांचा ओटा एकच होता. सख्ख्या धाकट्या भावाच्या दारात तू डीजे थांबवलास आणि अख्खं पोतं आत रिकामं केलंस! बापूची बायको मंदा ताटं वाढत होती बिचारी. भातात गुलाल, हंड्यात गुलाल, पाळण्यातल्या लेकराच्या डोळ्यांत गुलाल. लेकरू किंचाळलं आणि बापू टिकावाचा दांडा घेऊन बाहेर आला. पहिला तडाखा तुझ्या खांद्यावर बसला. मग तू कोयता उचललास. त्यानं हात आडवा घातला.

दोन बोटं ओट्यावर पडली, अण्णा! गुलाल कुठला न् रक्त कुठलं, कळंना. मी बोंबलत होते आणि मिरवणुकीतली मागची माणसं अजून नाचतच होती.

आपले आबा सरपंच झाले तवा काय केलतं त्यांनी? बोटावर गुलाल घेऊन एकटेच तुकातात्यांच्या घरी गेलते, हरलेल्याच्या घरी! त्यांच्या कपाळाला लावला, चहा प्याले आणि म्हणाले, "आता पाण्याच्या टाकीचं बघू." बापाला एक बोट पुरलं. तुला पोतं लागलं व्हय?

मग ओट्यावर भिंत आली. भाऊबीजेला मी हितं एकदा ओवाळायचं, तितं एकदा. तुझ्याकडं बापूचं नाव काढायचं न्हाई, त्याच्याकडं तुझं. बापूच्या तीन बोटांच्या हातात ओवाळणी बघितली की मी निरांजनाकडंच बघत ऱ्हायचे. तू कधी इचारलंस, त्याचा हात कसाय म्हणून?

आणि तो शनिवार! तुझी छाती दाबून आली. ॲम्ब्युलन्स लोणावळ्यावरनं निघाली खरी, पण पर्यटकांच्या गाड्यांत अडकली. वहिनी भिंतीवरनं ओरडली तशी बापूनं जीप काढली, दार उघडून उभा राहिला. "अण्णा, चल रं, नंतर मार मला!" आणि तू? ओठ निळे पडलेले, तरी म्हणालास, "मेलो तरी त्याच्या गाडीत बसायचो न्हाई." सागरनं काठी घेऊन काकाला अडवलं. त्या जीपचं इंजिन चालूच होतं आणि तू खाटेवरच जीव सोडलास. कुणासाठी रे हा माज? मला लय राग येतो तुझा. अजून येतो.

तुझ्या दहाव्याला दोन्ही पॅनलचे साहेब एकाच गाडीतनं उतरले. माईकवर तुला 'झुंजार' म्हणाले आणि पुढच्या लग्नाला निघून गेले. बापू लांब झाडाखाली उभा राहून रडत होता. त्याला कुणी जवळ येऊ दिलं न्हाई.

आता ऐक. आज सकाळी मी फाट्यावर गेले आणि तुझ्या फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. सागर धावत आला, "आत्या, डोकं फिरलं का?" म्हणाला. मी सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत दिली. पाची बोटं उठली. गाल धरून उभा राहिला.

माझा शब्द घे, अण्णा. निकालाच्या दिवशी मी बापूच्या उंबऱ्यात बसणार. सागर जिंकला आणि पोतं घेऊन आला, तर ते आधी माझ्या अंगावर पडंल, आणि माझ्या हातातला दांडा त्याच्या नडगीवर. बापूचं पॅनल जिंकलं आणि त्याचं थोरलं पोरगं पोतं घेऊन तुझ्या दारात गेलं, तर त्यालाही तोच दांडा. पण बोटावर गुलाल घेऊन जो येईल, त्याला मी बाजूला सरून आत जाऊ देईन. चहा मीच ठेवीन. आणि त्याच दांड्यानं ओट्यावरच्या भिंतीची पहिली वीट पाडीन.

तू तितं गप बस. हितं लय बोललास.

तुझी,
शालन