ऐकलेल्या पक्ष्यांचा रकाना

गेरुवा नदीकाठ, बर्दिया
माघ ५, मंगळवार

चि. सोनकली हिला,

दादाचे अनेक आशीर्वाद. जावईबापू अंगनूला राम राम सांग. इकडे माणसं, म्हशी, कोंबड्या सगळी धडधाकट आहेत. तुम्हीही खुशाल असाल असं धरून चालतो.

माझं अक्षर बघून तू उडालीच असशील. याआधीचं माझं पत्र म्हणजे नातलगांना धाडलेलं तुझ्या लग्नाचं आमंत्रण, आणि तेसुद्धा मास्तरांकडून लिहून घेतलेलं. हे मात्र मी स्वतः लिहितोय. तुझी वहिनी उद्याच्या बसनं कोहलपूरला येते आहे. माघीच्या सणाला माहेरच्या चुलीवरून तुझ्या नावानं बाजूला काढलेला वाटा तिच्याबरोबर आहे: तांदूळ, उडीद, मीठ, वाळवलेलं डुकराचं मटण आणि तांदळाच्या पिठाची वाफवलेली ढिकरी. दरवर्षी हा वाटा मी घेऊन येतो, भावानंच न्यायचा असतो, हे मला माहीत आहे. पण लॉजवर पाहुणे आहेत, सोडून येता येत नाही.

यंदा पाहुण्यांची रीघ होती. चारही खोल्या कार्तिकापासून भरलेल्या. नदीकडच्या खोलीला मी नवीन गवताचं छप्पर घातलं, भिंतीवर वहिनीनं मोर काढले. मोर कसले, बदकं वाटतात, पण तिला सांगायची कोणाची छाती आहे? पाहुणे त्यांचेच फोटो काढतात.

पक्षी म्हणशील तर ढीगभर दिसतात, पण बोलत नाहीत. चक्रवाक वेळेवर आले, मासेमार घुबड जुन्याच झाडावर आहे, धनेशांची जोडी आहे. पण बारकी मंडळी तोंडाला कुलूप लावून बसलीत. निखार, चष्मेवाला, पर्णवटवट्या. दुर्बिणीतून बघतो तर चोच उघडलेली, गळा थरथरतोय, आणि आवाज नाही. मी पाहुण्यांना सांगतो, यंदा थंडी फार आहे, म्हणून गप्प आहेत. बंधुरामला तर या थंडीनं खोकलाच लागलाय. तो माझा दुसरा गाईड, रांगेत सगळ्यांत मागून येतो. जंगलात शिरलं की याचं खॉक खॉक सुरू. दोन वर्षं झाली, औषध घेत नाही.

वाघाची बातमी तुझ्यापर्यंत पोचलीच असेल. बसवाल्यांनी सांगितली असणार. तुझा दादा वाघावर चालून गेला! पंधरा पावलांवर वाघ, आणि मी हातात नुसती काठी घेऊन खांबासारखा उभा. चहाच्या टपरीवर आठ दिवस मला स्वतःच्या पैशानं चहा पिऊ दिला नाही कोणी.

त्या दिवशी माझ्याबरोबर इंगर नावाची डेन्मार्कची बाई होती. बाहत्तर वर्षांची, एकटी आलेली, गळ्यात माझ्यापेक्षा जुनी दुर्बीण. पहिल्या संध्याकाळी वहिनीनं तिला नदीतल्या गोगलगायींची घोंघी वाढली. बाईनं शंखाच्या भलत्याच टोकाला तोंड लावून इतका जोर केला की डोळ्यांत पाणी आलं. वहिनी हसता हसता पायरीवरच बसली. "अगं बाई, उलटीकडून! ती बाहेर यायला हवी, तू आत जायला निघालीस!" इंगरबाईंना शब्द कळला नाही, पण अर्थ कळला. दुसऱ्या दिवसापासून त्या आणि वहिनी शेजारी बसून ओढायला लागल्या. अशी बाई.

आता खरं सांगतो. इथपर्यंत लिहून मी दोनदा उठलो, म्हशीला उगाच पाणी दाखवून आलो. वहिनी दारातून म्हणाली, "लिहा हो. वाटा नेईन, पण कोरड्या गप्पांचा कागद नेणार नाही."

लॉजवर पाहुणे नाहीत. परवाच गेले. मी येऊ शकत होतो.

आणि वाघावर मी चालून गेलो नाही. त्या सकाळी नदीकडच्या उंच गवतातून चाललो होतो. मी पुढे, इंगरबाई मध्ये. बंधुराम बुटातला खडा काढायला मागे राहिला होता. गवतापलीकडं चितळ वाघाची वर्दी देत ओरडत होतं. एकदा नाही, सारखं ओरडत होतं, असं बाई नंतर म्हणाल्या. मला काहीही ऐकू आलं नाही. मी आपला आरामात चाललोय, वर एका सुतारपक्ष्याकडं बघत. बाईंनी माझ्या पिशवीचा पट्टा मागून धरून ओढला, म्हणून मी थांबलो. आणखी दहा पावलं टाकली असती तर हे पत्र वहिनीनं लिहिलं असतं. वाघ बाहेर आला, आमच्याकडं बघितलं, आणि निवांत नदीकडं उतरला. मी खांबासारखा उभा होतो हे मात्र खरं आहे.

बाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. जायच्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी त्यांची वही माझ्या वहीशेजारी ठेवली. तुला माहीत आहे, यादीत दोन रकाने असतात, पाहिलेले आणि ऐकलेले. पाहिलेले माझे एकसष्ट, त्यांचे अठ्ठावन्न. मी खूश. मग त्यांनी दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. त्यांचे तेवीस होते. माझे चार: मोर, टिटवी, धनेश, आणि कोंबडा. कोंबडा आपलाच.

त्या म्हणाल्या, "लौटन, माझा नवरा दोन वर्षं रेडिओला शिव्या देत होता. रेडिओ चांगला होता."

मी म्हणालो, "थंडीमुळं पक्षी गप्प आहेत."

त्या म्हणाल्या, "पक्षी गप्प नाहीत." एवढंच म्हणाल्या आणि माझ्या हातावर थोपटलं.

त्या गेल्यावर मी जुन्या वह्या काढल्या. दोन वर्षांपासून तो रकाना ओसाड पडला होता. माझ्याच अक्षरात पडला होता, आणि मी पान उलटत गेलो होतो. मग नेपाळगंजला गेलो. घरी सांगितलं, कुंपणाची तार आणायला जातो. डॉक्टरीणबाईंनी कानाला डबडी लावली आणि बटणं दाबत बसल्या. मी म्हटलं, "लावा की आवाज." त्या म्हणाल्या, "केव्हाच लावलाय." बारीक आवाज गेलेत, ते परत यायचे नाहीत. जाड आवाज राहतील. एक यंत्र दिलंय. ते घालून जंगलात गेलो तर पायाखालचं पान पापड भाजल्यासारखं वाजतं आणि पक्षी त्यातच बुडून जातो. घरात मात्र बरं आहे. वहिनी काय काय बोलत असते ते आता कळतं. आधी सुखात होतो.

तार आणायची विसरलो, तिथंच वहिनीला संशय आला.

आता त्या फोनचं. यासाठीच सगळं लिहितोय.

दसऱ्याच्या आधी तू फोन केला होतास. तुझा आवाज लहानपणापासून बारीक, खंड्याच्या शिटीसारखा. मला नुसती गुणगुण आली, शब्द एकही नाही. तू बराच वेळ बोललीस. मध्ये एकदा थांबलीस, म्हणजे काहीतरी विचारलं होतंस. मला ऐकू आलं नाही की माझं एक उत्तर ठरलेलं असतं: "यंदा नको, पुढच्या वर्षी बघू." या उत्तरावर आजवर पंचायतीतल्यांपासून भांडी विकणाऱ्यापर्यंत सगळे वाटेला लागलेत. तेच तुला दिलं आणि फोन ठेवला.

दिवाळीत वहिनीनं मला सांगितलं की तू गाईडची परीक्षा पास झालीस. शिवणाच्या दुकानात दिवसभर मशीन मारून, त्यावर अभ्यास करून. आणि तू मला विचारलं होतंस, "दादा, मी तुझ्याबरोबर काम करू का?"

मी घास खाली ठेवला, सोनकली.

तू वहिनीला म्हणालीस, "दादाला बाई माणूस गाईड नको असेल, चार लोक काय म्हणतील म्हणून." वहिनीनं मला तोंडावर विचारलं, "असंच आहे का?" आणि मी गप्प बसलो. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फोनवर तुझं काही ऐकूच आलं नव्हतं हे सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. बहिणीच्या नजरेत मी बुरसटलेला ठरलो तरी चालेल, पण बहिरा ठरायला नको. असा विचार तुझ्या दादानं केला. तीन महिने तू फोन केला नाहीस आणि मी म्हणत राहिलो, "तिचीच तिला सवड नसेल." मला फार लाज वाटते. माझं चुकलं.

आणि शिकवलं तरी कोणी मला? नदीपलीकडं म्हशी चारायला जायचो तेव्हा तू सात वर्षांची होतीस. डोळे मिटून सांगायचीस, हा निखार, हा त्याचा भाऊ, हा दुसऱ्या गावचा. मी झाडावर चढून खात्री करायचो आणि प्रत्येक वेळी तुझंच बरोबर निघायचं. पाहुणे विचारतात, तुम्ही आवाज कुठं शिकलात? मी म्हणतो, जंगलानं शिकवलं. वीस वर्षं हेच म्हणतोय. तुझं नाव कधी घेतलं नाही.

माघीला सगळे चुलीभोवती बसलो. वर्षाची कामं वाटून घ्यायची वेळ आली. कोणाकडं शेत, कोणाकडं गुरं, कोणाकडं स्वैपाक. मोठ्या काकांनी विचारलं, "लौटन, तुझं काय?" दरवर्षी मी म्हणतो, पाहुणे आणि जंगल. यंदा म्हटलं, "मी आता जंगलात पुढे चालणार नाही. माझे कान गेलेत."

मग वहिनी म्हणाली, "काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला, ऐकू आलं नाही."

घर हसून हसून लोळलं. सगळ्यांना माहीत होतं! काकांना, शेजाऱ्यांना, म्हशीला. बंधुराम म्हणाला, "तुला काय वाटलं, मला दमा झालाय? चितळ ओरडलं की एकदा खोकायचो, वानर ओरडलं की दोनदा. तू थांबायचास आणि पाहुण्यांकडं वळून म्हणायचास, शू, याला खोकला आहे. दोन वर्षं घसा फाडून घेतला मी." मी हसलो खरा, पण तेवढ्यापुरताच. दोन वर्षं मी लोकांचे जीव एका माणसाच्या खोकल्यावर टांगून चाललो होतो.

काका म्हणाले, "मग पुढे कोण चालणार?"

मी तुझं नाव घेतलं.

काका म्हणाले, "तिला विचारलंस का?"

मी म्हटलं, "नाही. तिनंच विचारलं होतं."

कोणी हरकत घेतली नाही. बंधुराम तर आनंदानं मांडी थोपटत होता, आता खोकणं आणि घशासाठीची गूळ-सुंठ बंद म्हणून. फाल्गुनाच्या पहिल्या आठवड्यात दोन पक्षीवाले येतायत. परमिटाच्या अर्जावर पुढच्या गाईडचं आणि मागच्या गाईडचं नाव लिहावं लागतं. तो अर्ज वाट्याच्या पिशवीत, तांदळाच्या वर ठेवलाय. मागच्या ओळीत मी माझं नाव लिहून सही केली आहे. पुढची ओळ कोरी आहे. तुझ्या वतीनं मी ती भरणार नाही. तुझ्या वतीनं एकदा उत्तर देऊन झालंय माझं.

दया म्हणून येऊ नकोस. अंगनूशी बोल, दुकानाचं बघ, मग ठरव. राग असेल तर रागातच ये. जंगलात चालताना तसंही बोलायचं नसतं. तू हात वर केलास की मी थांबेन. का म्हणून विचारणार नाही. रोज संध्याकाळी यादी करताना ऐकलेल्यांचा रकाना तू भर, आणि पाहुण्यांसमोर मी सांगेन की हिनंच मला शिकवलं.

फोन करू नकोस. उत्तर वहिनीच्या हाती दे, किंवा सरळ ये. रविवारपासून दुपारच्या बसला मी फाट्यावर उभा असेन. उतरल्यावर हाक मारत बसू नकोस, मला ऐकू येणार नाही. पण डोळे अजून शाबूत आहेत. तू बसच्या दारात आलीस की मला दिसशील.

तुझ्या मागून चालायला तयार असलेला
तुझा दादा,
लौटन