पान उलटायला या

बुधवार, ता. ९

ती. वन्संना नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. रविवारच्या कार्यक्रमाची तिकिटं संपली. तुमच्या बंधुराजांची काळ्या कोटाच्या बटणाशी रोज झटापट चालते. पोट सुटलंय हे कबूल करतील तर शपथ.

पियानो सुरात लावून घेतला. माझ्या व्हायोलिनला नवी तार घातली. तालीम ठीक चाललीय.

ठीक नाही, वन्सं. मघापासून हेच लिहायचं टाळतेय.

सुरुवातीच्या रचनेचा पहिला भाग दोनदा वाजवायचा, मग पान उलटून पुढे जायचं. हे दोनदा वाजवतात आणि पुन्हा पहिल्या ओळीवर येतात. आधी वाटलं, माझी थट्टा करतायत. मुकाट्याने मीही मागे गेले. आता रोजच जाते. मी थांबले तर त्यांना कळेल, आणि ते मला बघवणार नाही. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणतात, "ताल तुझा सुटतो आणि डॉक्टर मला?" कार्यक्रम रद्द करू म्हटलं, तर जेवायलाच उठले नाहीत. बरं, बोटं अशी चालतात की एक सूर चुकत नाही. सांगून कुणाला पटणार?

पान उलटायला त्यांची विद्यार्थिनी येणार होती. तिला मी काहीतरी सांगून टाळलं. तुम्ही या. लहानपणी त्यांची पानं तुम्हीच उलटत होतात ना? दुसऱ्यांदा संपलं की त्यांनी मान हलवायची वाट बघू नका, सरळ उलटा. थोरल्या बहिणीपुढे त्यांचं काही चालत नाही.

काल वाजवता वाजवता त्यांनी हात उचलले. माझ्याकडे न बघता विचारलं, "हे कितव्यांदा गं?"

चौथ्यांदा होतं. मी म्हटलं, "दुसऱ्यांदा."

"तू म्हणतेस तर दुसऱ्यांदा," म्हणाले, आणि हात परत पट्ट्यांवर ठेवले. पण वाजवेनात. मी कुठून सुरू करते, त्याची वाट बघत होते. त्यांना ठाऊक आहे, वन्सं. आणि माझ्याच्याने व्हायोलिनचा गज उचलवेना.

शनिवारीच या. मला एकटीला हे झेपत नाही.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुमची भावजय