लग्नाची दुरडी स्वप्नालीच विणेल

मी, तानाबाई केरबा बुरूड, वय वर्षे एकाहत्तर, राहणार कोल्हापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. भावकीला तो लागेलच. माझं डोकं फिरलंय असं ती पंचेचाळीस वर्षं म्हणत आली आहे.

१. घर. दोन खोल्या आणि पुढचा ओटा मी टोपल्या विणून मिळवला. वडिलोपार्जित यात एक वीटही नाही. हे सर्व माझी सून स्वप्नाली हिला. माझा मुलगा आदर्श दोन वर्षांपूर्वी हायवेवरच्या अपघातात गेला, तरी तिनं मला सोडलं नाही. माझे दीर जोतीराम यांचा घरावर काडीचा हक्क नाही. ओट्यावर बसून चहा प्यावा, तोही स्वप्नालीनं विचारला तर.

२. कोयता, दोन सुऱ्या, बसायचा पाट आणि बँकेत असेल ते, तिलाच.

३. आता मूळ मुद्दा. आमच्या भावकीत विधवेनं लग्नाची दुरडी विणायची नाही. शेणाची बुट्टी, कोंबड्यांचं डालगं चालतं. केरबा वारले तेव्हा मी सव्वीस वर्षांची. जोतीराम म्हणाले, "वहिनी, तुमचा हात आता शुभकार्याला चालायचा न्हाय."

चालला की! त्यांना बारीक वीण कधी जमलीच नाही. मी मागच्या खोलीत विणायची आणि ते त्यांच्या दुकानात स्वतःची म्हणून विकायचे. पेठ वडगावपासून हातकणंगल्यापर्यंतच्या नवऱ्या माझ्या दुरड्या घेऊन सासरी गेल्या. जोतीरामांच्या दोन्ही लेकीसुद्धा. कुणाचं काय वाकडं झालं? खोटं वाटत असेल तर दुरडीची तिसरी फेरी बघा. बांबूची एक कामटी, म्हणजे पट्टी, उलटी आहे, सालीची बाजू आत. मी मुद्दाम घालत आले. जोतीरामांची नात पूर्णिमा हिनं मला मोबाइलवर दाखवलं, अमेरिकेत पोमो लोकांच्या बायकाही टोपलीच्या नक्षीत मुद्दाम एक जागा तोडून ठेवतात. एवढ्या लांब माझ्या बहिणी हायत म्हणायच्या!

पोटासाठी मी गप्प बसले, ही माझी चूक. त्याचा मला अजून संताप येतो. स्वप्नालीनं गप्प बसू नये.

४. माझ्या तिरडीचे बांबू जोतीरामांनी द्यावेत. किडके दिले तर मला मेल्यावरही कळतील.

५. पुढच्या महिन्यात पूर्णिमाचं लग्न आहे. तिची दुरडी स्वप्नालीनं ओट्यावर, भर दिवसा, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत विणावी. मी मध्येच गेले तर सुतक धरू नये, काम थांबवू नये. जोतीराम आडवे आले तर हे कलम त्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं. त्यांना कमी ऐकू येतं.

वरील मजकूर वाचून, समजून घेऊन मी सही केली आहे. अंगठा लावलेला नाही.

तानाबाई केरबा बुरूड
कोल्हापूर, १४ मार्च २०२५

साक्षीदार :
१. वर्धमान पारस चौगुले, शेजारी, भांड्यांचे दुकानदार
२. पूर्णिमा बाळासो बुरूड. नवरी मीच हाय. स्वप्नालीकाकीच्या हातची दुरडी नसंल तर मी बोहल्यावर चढत न्हाय. आजोबांना तोंडावर सांगून मग इथं सही केली.