पेन्या दुरा: शेकडा चोवीस

३ नोव्हेंबर, ओविएदो
आनंदी आनंद! लाउरेआनोसाहेब पुढच्या सप्टेंबरअखेर निवृत्त होणार. म्हणजे आमच्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचा मार्ग आखणाऱ्या खात्याची मुख्य खुर्ची रिकामी. उमेदवार दोन. डोंगरी टप्पे आखणारा मी, आणि सपाट टप्पे आखणारी रेमेदिओस. साहेब म्हणाले, ज्याच्या टप्प्यावर शर्यत फिरेल त्याची खुर्ची. मला रेमेदिओसची दयाच आली. सपाट टप्प्यात आखायचं काय? पट्टी ठेवली, रेघ मारली, संपलं. हे मी तिला तोंडावर सांगितलं. नुसती हसली. बिचारी.

९ नोव्हेंबर
सापडला! पेन्या दुरा. सात किलोमीटरचा घाट, गुरांच्या वाटेवर ओतलेलं सिमेंट, एका जागी शेकडा चोवीस चढ. नकाशावर बघूनच धाप लागली. त्याच्याआधी आणखी चार घाट. एका दिवसात पाच!! एल्विरा म्हणाली, अहो, पोरं मरतील. मी म्हणालो, मरणार नाहीत, अमर होतील. वाक्य झकास जमलं म्हणून इथे लिहून ठेवतोय.
संकल्प १: ज्या घाटावर पोरांना पाठवायचं तो आधी आपण सायकलने चढायचा. या धंद्यात एवढी लाज हवीच.
संकल्प २: सोमवारपासून फाबादा बंद. एवढे पांढरे बीन्स आणि डुकराचं मांस पोटात घेऊन कोणी डोंगर चढत नाही.

१४ नोव्हेंबर, सोमवार
फाबादा खाल्ली. सासूबाईंनी केली होती. इलाज नव्हता.

१५ नोव्हेंबर
उरलेली खाल्ली. अन्न टाकवत नाही.

२० एप्रिल
गेलो एकदाचा पेन्या दुराला. मध्ये पाऊस, मग बर्फ, मग गुडघा, मग ईस्टर, म्हणून जरा उशीर झाला. सुरुवात जोरदार. तिसऱ्या किलोमीटरला रस्ता तपासायला सायकलवरून खाली उतरलो. चार किलोमीटर तपासला. म्हणजे माथ्यापर्यंत.
वाटेत तिथल्याच गावच्या ओल्विदोमावशी गुरं घेऊन मागून आल्या (वय अठ्ठ्याहत्तर) आणि पुढे निघून गेल्या. जाताजाता म्हणाल्या, काय रे बाबा, सायकल आजारी आहे का? मी माझा हुद्दा सांगितला, पाच घाटांचा बेत सांगितला. त्यावर म्हणाल्या, पुढे एवढं चढायचंय हे कळलं की माझ्या गाईसुद्धा पळत नाहीत, सगळ्या एकमेकींना धरून सावकाश जातात, तुझी पोरं काय गाईंपेक्षा बिनडोक आहेत? खेड्यातल्या माणसांना खेळातलं कळत नाही.
ऑफिसच्या अहवालात लिहिलं: 'घाट प्रत्यक्ष चढून पाहिला.' चढलोच की.

६ मे
बैठक. पाचही घाट मंजूर! साहेबांनी विचारलं, एवारिस्तो, जरा जास्तच होतंय का रे? मी अमर होण्याचं वाक्य टाकलं. टाळ्या.
मग रेमेदिओस. ला मांचाचं माळरान, चढ नावाला नाही. कोणत्या गावापाशी झाडं संपतात आणि रस्ता कुठे वळतो यावर बाई अर्धा तास बोलली. सप्टेंबरात दुपारी तीनला तिथे वारा कुठून येतो हे तिने तीन वर्षं टिपून ठेवलंय म्हणे. छंद असतात एकेकाचे. छान डुलकी लागली.

९ सप्टेंबर, शनिवार, पहाटे पाच
आजच तो दिवस! झोप कसली? एल्विराला उठवून विचारलं, नवी खुर्ची लाकडी घेऊ की चामड्याची? तिने उशी फेकली.

दुपारी १
तीन घाट झाले. एकशे साठ गडी अजून एकत्र. गप्पा मारतायत. दम राखून आहेत.

दुपारी ४
चार घाट झाले. अजून एकत्र. एकाने दुसऱ्याला अर्धं केळं दिलं. टीव्हीचा समालोचक चीज कसं मुरवतात ते सांगतोय.

संध्याकाळी ५.२०
पेन्या दुरा. शेवटच्या चारशे मीटरला काय ते पळाले. पहिल्या दहा जणांत अंतर नऊ सेकंदांचं. ओल्विदोमावशी कठड्यावर बसल्या होत्या. मला बघून एवढंच म्हणाल्या, गाई.
निष्कर्ष: पोरं माझ्या घाटाला घाबरली. म्हणजे घाट यशस्वी.

१३ सप्टेंबर
आज रेमेदिओसची रेघ. जेवून आडवा झालो होतो. तीन वाजून दहा मिनिटांनी एल्विरा बाहेरून ओरडली, अहो, उठा, टीव्ही बघा! झाडं संपली, रस्ता वळला आणि वारा आडवा आला. पुढच्याच्या पाठीमागे लपायला आडोसा उरला नाही, घोळक्याचे पाच तुकडे! शर्यतीच्या एकूण वेळेत पहिला असलेला गडी तिसऱ्या तुकड्यात अडकला, एकटाच ओढतोय, कोणी मदतीला येईना. पावणेचार मिनिटं गमावली त्याने. शर्यत फिरली.
खरं सांगायचं तर मी सोफ्यावर उभा राहून बोंबलत होतो. टप्पा कोणाचा हेच दहा मिनिटं विसरलो. इतकी मजा या वर्षी आली नव्हती.
मग आठवलं. पाणी प्यायलो.
साहेबांना लगेच फोन केला, की पोरांचे पाय माझ्या डोंगरांनी दमवले होते, म्हणून तुकडे पडले. साहेब म्हणाले, एवारिस्तो, झोप जा.

२ ऑक्टोबर
खुर्ची रेमेदिओसला. चामड्याची आहे.
माझ्या टेबलावर तिने भेट ठेवली होती. लाकडी पट्टी, तीस सेंटिमीटरची. सोबत चिठ्ठी: पुढच्या वर्षीचे सपाट टप्पे तू आखायचेस, पट्टी ठेव, रेघ मार. वाईट वाटलं. तासभर फार वाईट वाटलं. मग लक्षात आलं, सगळ्यात नाजूक काम बाईंनी माझ्याच हाती दिलंय! डोंगर काय, कोणीही आखेल.
संकल्प: प्रत्येक सपाट रस्ता आधी आपण सायकलने पार करायचा. फाबादा बंद.

८ ऑक्टोबर, ला मांचा
बारा किलोमीटरचा सरळसोट रस्ता. चढ शून्य. वारा समोरून. सुरुवात जोरदार. अर्ध्या किलोमीटरला रस्ता तपासायला खाली उतरलो.
साडेअकरा किलोमीटर तपासला.